पडसे, ज्वर आणि रजा



स्मृतिव्याख्यानाच्या व्यासपीठावर श्रोत्यांची अपेक्षा काही उदात्त विषयाची असते, आणि अशा ठिकाणी पडसे, खोकला व ज्वर यांसारख्या घरगुती दुखण्यांना मानाचे पान वाढणे औचित्याला धरून होईल की नाही, ही शंका कार्यवाहांनी विषय विचारला तेव्हा माझ्याही मनात येऊन गेली. परंतु ज्यांच्या स्मरणार्थ आपण दर वर्षी येथे जमतो त्यांनी इतरांनी क्षुद्र म्हणून टाकलेल्या कामांतच आपले आयुष्य वेचले, हे ध्यानात घेऊन मी तो संकोच बाजूस सारला. शिवाय पनवेलातील कोणत्याही दवाखान्याच्या बाकावर आषाढ-श्रावणात जी दाटी दिसते तिच्यातील कितीतरी माणसे याच दुखण्यांनी आलेली असतात, आणि ज्या दुखण्याने इतक्या माणसांचे इतके दिवस वाया जातात त्याला क्षुद्र मानण्याचा अधिकार निदान वैद्यकी करणाराला तरी नाही.

पडसे आणि इन्फ्लुएंझा यांचा एकाच श्वासात उच्चार करण्याची आपली सवय आहे, म्हणून आरंभीच थोडा विवेक करून ठेवतो. पडसे हे दोनशेहून अधिक विषाणूंपैकी कोणत्याही एकाचे कृत्य असू शकते. त्यात नाक वाहते, घसा खवखवतो, शिंका येतात, क्वचित कणकण वाटते, आणि माणूस कुरकुरत का होईना आपला व्यवहार चालवतो. इन्फ्लुएंझा हा मात्र एका विशिष्ट विषाणुकुळाचा ज्वर; तो सकाळी धडधाकट असलेल्या माणसाला संध्याकाळपर्यंत आडवे करतो, पाठ आणि पोटऱ्या पिळून काढतो, मागे कोरडा खोकला ठेवतो, आणि बहुतेकांना आठवड्याभरात सोडून जात असला तरी वृद्ध, गर्भवती, लहान बालके, मधुमेही, दमेकरी व हृद्रोगी यांच्या बाबतीत न्यूमोनियाची वाट मोकळी करून देतो. या दोहोंनाही ‘व्हायरल’ या एकाच सदरात जमा करण्याची जी रूढी हल्ली पडली आहे, तिच्यामुळे पहिल्याला नको इतके औषध मिळते आणि दुसऱ्याला हवी तितकी विश्रांती मिळत नाही.

दुसरा विवेक ऋतूचा. इंग्रजी पुस्तके वाचून आपण असे धरून चाललो आहोत की हा ज्वर हिवाळ्याचा, बर्फाचा आणि लोकरी मफलरांचा. आणि त्या समजुतीप्रमाणे आपल्याकडेही मार्गशीर्ष लागला म्हणजे कानटोप्या बाहेर निघतात. वस्तुस्थिती निराळी आहे. भारतात निरनिराळ्या शहरांतील रुग्णांची वर्षानुवर्षे तपासणी झाली तेव्हा असे दिसून आले की श्रीनगरात इन्फ्लुएंझाचा भर जानेवारी ते मार्च या महिन्यांत असतो, चेन्नईत परतीच्या पावसाबरोबर ऑक्टोबर-नोव्हेंबरात असतो, आणि पुण्यात तो जुलै ते सप्टेंबर या मोसमी पावसाच्या महिन्यांत असतो. कोकणची गत पुण्याहून निराळी असण्याचे कारण नाही. हिवाळ्याच्या अखेरीस त्याची दुसरी फेरी येते, कधी ती पहिलीपेक्षाही उग्र होते, आणि २०१५ साली देशात स्वाइन फ्लूने जे २,९९० मृत्यू नोंदले गेले त्यांतील फार मोठा भाग फेब्रुवारी-मार्चमधील होता, हेही खरे. परंतु आपला मुख्य हंगाम छत्रीचा आहे, स्वेटरचा नाही.

आणि पावसाळाच का, याचा विचार करताना पाण्यात भिजण्याला दोष देण्याची आपल्या आयाबहिणींची जी परंपरा आहे तिला थोडा धक्का द्यावा लागतो. भिजल्याने विषाणू निर्माण होत नाही. तो दुसऱ्या माणसाच्या श्वासातूनच यावा लागतो. परंतु पाऊस माणसांना एका छपराखाली गोळा करतो. पंधरा जूनच्या सुमारास शाळा उघडतात आणि दीड-दोन महिने विखुरलेली मुले एकेका वर्गात पन्नास-साठांच्या संख्येने बसू लागतात. झड आत येते म्हणून खिडक्या लागतात. घरात दोरीवर ओले कपडे टांगलेले असतात आणि त्या दमट, कोंडलेल्या हवेत कुटुंबातील सर्व माणसे एकमेकांनी सोडलेला श्वास घेत बसतात. लोकलच्या डब्याची दारे-खिडक्याही पावसाने बंद होतात, आणि पनवेल ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हा सव्वा-दीड तासांचा प्रवास म्हणजे या विषाणूला मिळालेली रोजची हक्काची सवारी होय.

प्रवासाचा उल्लेख आला म्हणून आपल्या गावाबद्दल दोन शब्द बोलणे प्राप्त आहे, कारण साथीच्या दृष्टीने पनवेल हे गाव नसून नाका आहे. बोरघाटातून १८६३ साली आगगाडी सुरू होण्यापूर्वी मुंबईहून पुण्यास जाणारा माणूस तरीने पनवेलच्या बंदरात उतरत असे आणि तेथून घाटरस्त्याने वर चढत असे. घाटावरचे बैल, कोकणचे भात आणि मुंबईचे कापडचोपड यांची येथे अदलाबदल होत असे, आणि अदलाबदल केवळ मालाचीच होते असे कधीच घडत नाही. आगगाडीने तो ओघ काही काळ दुसरीकडे वळवला खरा. परंतु पुढे येथेही रेल्वे आली, १९९८ मध्ये हार्बर मार्गाची लोकल आली, त्याच वर्षी कोकण रेल्वे पूर्ण होऊन गोव्याकडची वाट मोकळी झाली, कळंबोलीपासून पुण्याचा द्रुतगती मार्ग निघाला, आणि २०२५ च्या ऑक्टोबरात तालुक्यातच विमानतळाचे उद्घाटन झाले. गणेशोत्सवाच्या आदल्या आठवड्यात पनवेलच्या एस.टी. स्थानकावर आणि फलाटावर जो चाकरमान्यांचा समुदाय उभा असतो तो पाहून मला आनंद होतो आणि धास्तीही वाटते. कारण तो आठवडा नेमका या ज्वराच्या ऐन भरात येतो, आणि मुंबईतील खोलीतून निघालेला खोकला दुसऱ्या दिवशी राजापुरातल्या एखाद्या माजघरात, ऐंशी वर्षांच्या आजीच्या शेजारी जाऊन बसतो.

या ज्वराचे खरे सामर्थ्य आपल्या प्रांताने १९१८ साली पाहिले. मुंबईचे सात पोलीस शिपाई त्या वर्षीच्या जूनच्या १० तारखेस तापाने पोलीस इस्पितळात दाखल झाले. तो ताप हिवतापाचा नव्हता. पुढील दोन आठवड्यांत गोदी, टपाल, रेल्वे, गिरण्या, बँका आणि कचेऱ्या यांमधील माणसे पटापट आजारी पडली, आणि जुलैत ती लाट ओसरली तेव्हा लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. सप्टेंबरात तो ताप परत आला तो मात्र अगदी निराळ्या वृत्तीने. या खेपेस तो वीस ते चाळीस वयाच्या, घराचा भार वाहणाऱ्या माणसांवर विशेष रोख धरून होता. ऑक्टोबरच्या ६ तारखेस एकट्या मुंबई शहरात ७६८ मृत्यूंची नोंद झाली. आगगाडीबरोबर आणि तिच्यावरच्या नोकरांबरोबर तो गावोगाव पोहोचला. आमच्या खेड्यापाड्यांतील वृद्ध माणसे ज्या साथीला मानमोडी म्हणत ती हीच. हिंदुस्थानात तिने किती माणसे नेली याचे अंदाज सव्वा कोटीपासून एक कोटी ऐंशी लाखांपर्यंत जातात, आणि सगळ्या महायुद्धात रणांगणावर पडलेल्या सैनिकांच्या संख्येशी ही संख्या ताडून पाहावी अशी आहे. १९२१ च्या खानेसुमारीत देशाची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीच्या मानाने जवळजवळ जागच्या जागी राहिली, याचे प्रमुख कारण हाच ज्वर.

परंतु या साथीविषयी मला आज जे सांगावयाचे आहे ते मृत्यूंच्या एकूण बेरजेत नाही, तिच्या वाटणीत आहे. मुंबई शहरात त्या वर्षी इन्फ्लुएंझाने झालेल्या मृत्यूंचे जातवार प्रमाण दप्तरात नमूद आहे. युरोपियनांत ते हजारी ८.३ होते; हिंदूंतील वरच्या समजल्या जाणाऱ्या जातींत १८.९ होते, आणि ज्यांना त्या दप्तराने खालच्या जाती म्हटले त्यांच्यात ते ६१.६ होते. विषाणू तोच, महिना तोच, समुद्रावरून येणारा वारा तोच. आणि तरीही एका वस्तीत जितकी माणसे गेली त्यांच्या सातपटीहून अधिक दुसऱ्या वस्तीत गेली. हा भेद रक्ताचा नव्हता. त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता, युद्धामुळे धान्य महागले होते, एका खोलीत आठ-दहा माणसे राहत होती, आणि मुख्य म्हणजे घरातील सगळीच माणसे एकाच वेळी अंथरुणाला खिळल्यामुळे घोटभर पाणी किंवा वाटीभर पेज देणारा हात शिल्लक राहिला नव्हता. बंगल्यातील रुग्ण आठ दिवस पडून राहू शकत होता. चाळीतील रुग्ण तिसऱ्या दिवशी, अंगात ताप असताना, पगार कापला जाईल या भीतीने उठून गिरणीत जात होता आणि पाचव्या दिवशी न्यूमोनियाने जात होता. स्त्रियांत मृत्यूंचे प्रमाण पुरुषांपेक्षा अधिक होते. शुश्रूषा करणारीची शुश्रूषा करण्याची प्रथा आपल्या घरांत तेव्हा नव्हती, आणि आजही ती रूढ झाली आहे असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. त्या दिवसांत ना. म. जोशींच्या सोशल सर्व्हिस लीगसारख्या संस्थांच्या स्वयंसेवकांनी चाळीचाळींतून औषध आणि दूध पोहोचवले. त्या काळी कोणत्याही औषधात या ज्वराला मारण्याचे सामर्थ्य नव्हते, हे आज आपण जाणतो. म्हणजे त्या स्वयंसेवकांच्या बाटलीने नव्हे, तर त्यांच्या दुधाने आणि दोन वेळा दार ठोठावण्यानेच माणसे वाचली असली पाहिजेत.

शास्त्राची स्थितीही त्या वेळी मोठी केविलवाणी होती. परळच्या प्रयोगशाळेची कीर्ती प्लेगाच्या लशीने झालेली. वाल्डेमार हाफकिन यांनी १८९७ च्या जानेवारीत ती लस प्रथम स्वतःला टोचून घेतली, आणि आपल्या प्रांताला असे वाटू लागले की साथ कोणतीही असो, काचेच्या कुपीत तिच्यावर उतारा असणारच. इन्फ्लुएंझाच्या बाबतीत मात्र शास्त्रज्ञ भलत्याच आरोपीच्या मागे लागले होते. १८९२ साली जर्मनीतील फायफर यांनी रुग्णांच्या कफात एक जंतू पाहिला आणि तोच कारण म्हणून जाहीर केला. सव्वीस वर्षांनंतरही बहुतेक जगाचा त्यावर विश्वास होता. खरा विषाणू माणसाच्या घशातून १९३३ मध्ये लंडनमध्ये हाती लागला, तोपर्यंत मुंबईतील त्या ऑक्टोबराला पंधरा वर्षे होऊन गेली होती.

येथे आपल्या प्राचीन वैद्यकाचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाणे पनवेलात तरी शोभणार नाही, कारण कृष्णशास्त्री पुराणिकांनी १८७२ साली स्थापन केलेल्या श्री धूतपापेश्वर या औषधनिर्मितिगृहामुळे आयुर्वेदाच्या नकाशावर या गावाचे नाव गेली दीड शतके आहे. सुश्रुताने निदानस्थानात, कुष्ठाच्या अध्यायाच्या अखेरीस, एका माणसापासून दुसऱ्याकडे जाणाऱ्या रोगांची गणना करताना ज्वराला त्यांत स्थान दिले आहे, आणि त्यांच्या संक्रमणाचे मार्ग सांगताना स्पर्श, सहभोजन, एकच शय्या आणि आसन यांच्या जोडीला निःश्वासाचाही निर्देश केला आहे. त्याहूनही मला मोलाचे वाटते ते चरकाच्या विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसाचे प्रकरण. तेथे आत्रेय पुनर्वसू ग्रीष्माच्या अखेरच्या महिन्यात, गंगेच्या तीरावर हिंडत असताना अग्निवेशाला सांगतात की ऋतू बिघडण्याची चिन्हे दिसू लागली आहेत. वायू, जल, देश आणि काल ही चार सर्वांना समान असतात, म्हणून ती बिघडली की भिन्न प्रकृतीची माणसेही एकाच व्याधीने पडतात. आणि म्हणून भूमी निःसत्त्व होण्यापूर्वीच औषधी उपटून आणून ठेवाव्यात. पावसाळ्यापूर्वी तयारी करा, हा त्या संवादाचा आशय आजच्या आरोग्यखात्याच्या परिपत्रकात जसाच्या तसा घालावा, त्यात एका अक्षराची दुरुस्ती करावी लागणार नाही.

आता ती तयारी कोणती, याविषयी मतभेद संभवतात. तुळस, गवती चहा, आले, मिरी आणि गूळ यांचा काढा मी स्वतः घेतो आणि त्याने घशाला सुख होते, पोटात पाणी जाते, माणूस अर्धी घटका स्वस्थ बसतो. ज्वरात याहून अधिक चांगले पेय मला ठाऊक नाही. परंतु काढा प्याला म्हणून विषाणू घरात शिरणार नाही, असे जो सांगतो तो काढ्याचा मित्र नव्हे. गळ्यातील कापराच्या पुरचुंडीचीही तीच कथा. ओव्याची आणि वेखंडाची धुरी तर लहान मुलाच्या खोलीत करूच नये. आधीच सुजलेल्या श्वासनलिकेला धूर हा शत्रू आहे, मग तो कितीही सात्त्विक वनस्पतीचा असो. याच्या उलट, नव्या वैद्यकाच्या नावाने चालणारा अडाणीपणाही काही कमी नाही. अँटिबायोटिक ही जंतूंवर चालणारी औषधे असून विषाणूवर त्यांचा काडीचाही अंमल चालत नाही, हे माहीत असूनही रुग्ण ती मागतो आणि डॉक्टर ती देतो, आणि पुढे खरोखरच न्यूमोनिया झाला म्हणजे तीच औषधे बोथट झालेली आढळतात.

खरी आगाऊ तयारी म्हणजे लस. हा विषाणू आपले बाह्यरूप सतत पालटतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेचे तज्ज्ञ वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी, लशीचा मसुदा ठरवतात. आपण राहतो उत्तर गोलार्धात, पण आपली साथ पावसाळ्यात येत असल्याने आपल्याला सोयीची पडते ती दक्षिणेकडच्या वेळापत्रकाची लस; ती एप्रिल-मे महिन्यांत घ्यावी, म्हणजे प्रतिकारशक्ती तयार होण्यास लागणारे दोन आठवडे मृगापूर्वी पुरे होतात. दिवाळीनंतर घेतलेली लस अगदीच व्यर्थ नव्हे, परंतु पेरणी उरकल्यावर बियाणे आणणाराइतकीच ती वेळेवर असते. तिचा गुण सोळा आणे नाही. विषाणूशी चांगली जुळणी झालेल्या वर्षी ती शंभरातील चाळीस-साठ दुखणी टाळते, आणि जी टळत नाहीत त्यांची धार पुष्कळदा कमी करते. साठी ओलांडलेल्यांनी, गर्भवतींनी, जुनाट दुखणे असणारांनी आणि दवाखान्यांत काम करणारांनी तरी ती दर वर्षी घ्यावी. सरकारच्या सार्वत्रिक लसीकरणाच्या यादीत ती अद्याप नाही, आणि खासगीत तिची किंमत मोलमजुरी करणाराच्या पदराला जड जाते, ही उणीव मात्र मान्य केली पाहिजे.

साथीच्या वेळी समाज कसा वागतो, याचे एक प्रात्यक्षिक आपल्या शेजारच्या पुण्याने २००९ साली दाखवले. त्या वर्षीच्या ३ ऑगस्टला स्वाइन फ्लू म्हणून ओळखल्या गेलेल्या एच१एन१ ज्वराने देशातील पहिला मृत्यू तेथे झाला, आणि दोन-चार दिवसांत नायडू रुग्णालयाच्या दारापुढे तपासणीसाठी रांगा लागल्या, शाळा आणि चित्रपटगृहे बंद झाली, आणि मुखपट्ट्या काळ्या बाजारात गेल्या. त्या रांगांत निरोगी माणसे आजारी माणसांच्या खांद्याला खांदा लावून तासन्‌तास उभी होती, ही गोष्ट तेव्हा फारच थोड्यांना खटकली. त्याच शहरातील राष्ट्रीय विषाणू संस्था, जिचा आरंभ १९५२ सालचा, अहोरात्र नमुने तपासत होती. आणि पुढच्या वर्षी पुण्यातीलच सीरम इन्स्टिट्यूटने नाकात फवारण्याची लस बाजारात आणली. म्हणजे विद्या होती, कारखाना होता, पैसा होता. नव्हती ती घरी बसण्याची शिस्त. २०२० सालच्या मार्चमध्ये राज्य सरकारने घरी बसण्याचा हुकूमच काढला, त्याला आधार घेतला तो प्लेगाच्या धामधुमीत झालेल्या १८९७ च्या साथरोग कायद्याचा. त्या काळातील हाल आणि पायी निघालेले लोंढे आपण पनवेलच्या महामार्गावर पाहिले आहेत, त्यांचे वर्णन मी करणार नाही. एवढेच म्हणतो की मुखपट्टी, हात धुणे आणि अंतर यांचे जे शिक्षण आपल्याला इतक्या महाग दराने मिळाले, ते आपण दोन-तीन वर्षांत जवळजवळ संपूर्ण विसरलो, आणि लोकलमध्ये उघड्या तोंडाने खोकणाऱ्या गृहस्थाला शेजारच्याने टोकले तर आज भांडण होते.

घरातील व्यवहाराविषयी थोडे बोलून मग मुख्य मुद्द्याकडे वळतो. आजारी माणसाला शक्य तर वेगळ्या खोलीत, नाही तर निदान खिडकीशी निजवावे, आणि पाऊस असला तरी समोरासमोरच्या दोन खिडक्या बोटभर उघड्या ठेवाव्यात. त्याने तोंड पुसलेला रुमाल सगळ्यांच्या कपड्यांच्या ढिगात टाकू नये. पेज, सरबत, वरणाचे पाणी जे जाईल ते द्यावे. तापासाठी पॅरासिटामॉल पुरते; मुलांना ऍस्पिरिन देऊ नये, कारण त्यापासून यकृत आणि मेंदू यांना इजा होण्याचा एक दुर्मीळ पण भयंकर धोका असतो. परंतु कोकणातील पावसाळ्यात ताप हा एकाच घराण्याचा नसतो, हे कधी विसरू नये. साचलेल्या पाण्यातून अनवाणी चालल्यावर येणारा लेप्टोस्पायरोसिस, ज्याने २६ जुलै २००५ च्या प्रलयानंतर मुंबईत अनेक बळी घेतले. थंडी वाजून येणारा हिवताप. डोळ्यांमागे ठणका लावणारा डेंग्यू. हे सगळे आरंभीचे दोन दिवस इन्फ्लुएंझासारखेच वागतात. म्हणून ताप तीन दिवसांहून अधिक टिकला, धाप लागू लागली, छातीत दुखू लागले, ओठ निळसर दिसले, लघवी कमी झाली, थुंकीत रक्त आले, किंवा मूल दूध घेईनासे होऊन गुंगीत राहू लागले, तर काढा, पुरचुंडी आणि माझे व्याख्यान ही तिन्ही बाजूस ठेवून रुग्णालय गाठावे. इन्फ्लुएंझावरचे ओसेल्टामिविर हे औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झाले तर त्याचा गुण सर्वांत चांगला येतो. तेव्हा ज्यांना धोका अधिक त्यांनी वाट पाहत बसण्यात शहाणपण नाही.

आता मुख्य मुद्दा. इन्फ्लुएंझाचा रुग्ण लक्षणे दिसण्याच्या आदल्या दिवसापासून दुसऱ्याला लागण देऊ लागतो, आणि ताप चढल्यापासूनचे पहिले तीन-चार दिवस तो सर्वाधिक धोकादायक असतो. या तीन-चार दिवसांत तो घरी राहिला, तर ज्या साखळीने साथ बनते तिचे कित्येक दुवे आपोआप गळून पडतील. यासाठी नवी यंत्रसामग्री नको, नवे संशोधन नको. परंतु नेमके हेच आपल्याकडे घडत नाही, कारण दुखणे अंगावर काढणे हा आपण सद्गुण मानतो. ‘ताप होता तरी कामावर आला’ हे वाक्य आपल्या कचेऱ्यांत निवृत्तीच्या समारंभात कौतुकाने उच्चारले जाते. त्या दिवशी त्या कर्तव्यनिष्ठ गृहस्थाने शेजारच्या टेबलावरील कोणाच्या घरी ताप पाठवला आणि त्या घरातील कोण आजोबा पुढे आठवड्याने रुग्णालयात गेले, याची नोंद अर्थातच कोणत्याही सेवापुस्तकात होत नाही.

कचेरीतील माणसाला निदान निवड तरी असते. त्याच्या खाती अर्जित रजा आहे, वैद्यकीय रजा आहे. तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटदारामार्फत रोजंदारीवर जाणाऱ्या माणसाची स्थिती निराळी. राज्य कामगार विम्याचा १९४८ चा कायदा हा स्वतंत्र भारताने केलेल्या फार चांगल्या कायद्यांपैकी एक. त्याने सुरू केलेल्या योजनेखाली येणाऱ्या, म्हणजे महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या कामगाराला आजारपणात वर्षातून ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के भत्ता मिळतो. परंतु त्या कायद्याने घालून दिलेल्या व्यवस्थेत एक बारीकशी तरतूद आहे : आजारपणाच्या नव्या खेपेत पहिले दोन दिवस हा भत्ता देय होत नाही. खोटे आजार टाळावेत, दोन दिवसांच्या डोकेदुखीसाठी दप्तराला त्रास होऊ नये, हा तिचा हेतू उघड आहे आणि मी तो अप्रामाणिक म्हणत नाही. पण इन्फ्लुएंझाच्या बाबतीत तिचा परिणाम असा होतो की ज्या दोन दिवसांत माणसाने कारखान्यात मुळीच पाऊल टाकू नये, नेमक्या त्याच दोन दिवसांचा भुर्दंड त्याच्या खिशावर पडतो, आणि तिसऱ्या दिवशी तो कायदेशीर रुग्ण होतो तोपर्यंत त्याच्या पाळीतील चार जण खोकू लागलेले असतात. आणि हे तरी कायद्याच्या छपराखाली असलेल्याचे झाले. खारघर-कामोठ्याच्या इमारतींत चार-चार घरची भांडी घासणाऱ्या बाईला पहिल्या दिवसाचीही रजा नाही आणि एकविसाव्या दिवसाचीही नाही. ती आली नाही तर त्या दिवसाचे पैसे कापणारे आपणच, आणि ती ताप घेऊन आली तर मुलाला कोणाचे दुखणे लागले म्हणून चौकशी करणारेही आपणच. लस, मुखपट्टी आणि साबण यांच्याइतकीच भरपगारी तीन दिवसांची रजा हे या ज्वराचे प्रतिबंधक औषध आहे, असे माझे अनेक वर्षांच्या विचारान्ती झालेले मत आहे, आणि ते घरोघरी, स्वतःच्या स्वयंपाकघरापासून अंमलात आणता येण्याजोगे आहे; त्याला मंत्रालयाच्या मंजुरीची गरज नाही.

जाता जाता शाळांच्या चालकांना एक विनंती करतो, कारण त्यांपैकी काही जण समोर बसलेले दिसत आहेत. वर्षभर एकही दिवस न चुकवणाऱ्या मुलाला वार्षिक संमेलनात शंभर टक्के उपस्थितीचे जे बक्षीस दिले जाते, ते देण्याची प्रथा पुष्कळ शाळांत आहे आणि तिच्यामागील सद्हेतू मी जाणतो; परंतु त्या एका पेल्यासाठी जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात तापाने फणफणलेले मूल गोळी देऊन, दप्तर भरून, रिक्षात बसवून शाळेत पाठवणारे पालक प्रत्येक वर्गात एक-दोन तरी असतात. ते बक्षीस या जूनपासून बंद करावे. आणि तापाने चार दिवस घरी राहून परत आलेल्या मुलाला चुकलेला धडा मधल्या सुट्टीत कोणी समजावून द्यावा, याचे एक पाळीपत्रक त्याच्या जागी वर्गाच्या भिंतीवर लावावे.